शिवेखालचा तांब्या

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, दुसऱ्यांच्या नदीत नाक खुपसणं. लोक हसतात. हसू देत. नदी काठावर उभं राहून कळत नाही, वाकून वास घ्यावा लागतो, आणि तो मी गेली पाच वर्षं घेते आहे.

अशा दिवाळी अंकांत माणसं निवृत्त झाल्यावर लिहितात. मी अजून तिशीलाही पोचलेली नाही. संपादक म्हणाले, "कामाबद्दल लिहा, फक्त पत्रकासारखं लिहू नका." प्रयत्न करते. सांगलीत कॉलेजात असताना आम्हा पाचसहा पोरापोरींचा गट होता. दर पंधरा दिवसांनी एक पत्रक काढायचं आणि एस.टी. स्टँडवर वाटायचं. मथळ्यात उद्गारचिन्ह नसेल तर ते पत्रक नव्हे, अशी आमची समजूत. ती खोड अजून पुरती गेलेली नाही.

वेळकी ही आमची नदी. नकाशात बारीक रेघ. उगम सातारा जिल्ह्यात, शेवट सांगली जिल्ह्यात, काठावर सात गावं. वरची पाच साताऱ्यात, खालची दोन सांगलीत. सगळ्यात वर थोरवडे. गाव मोठं, घरटी एक माणूस पलटणीत, आणि दोरखंडासाठी पंचक्रोशीत नाव. सगळ्यात खाली कासारखडी. तिथं भोयांची अकरा घरं, मासेमारीवर जगणारी.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोर होतो वाखाचा, आणि वाख निघतो अंबाडीच्या सालीतून. दिवाळीच्या सुमारास अंबाडी कापतात, पेंढ्या बांधतात आणि दगड ठेवून पंधरा दिवस नदीच्या डोहात बुडवतात. साल कुजते, मग वाख सोलून निघतो. वाहत्या पाण्यातला वाख पांढरा स्वच्छ येतो, म्हणून नदीच हवी. पण अंबाडीबरोबर पाणीही कुजतं. काळं पडतं, घाण मारतं, आणि मासे तोंड वर काढून हवा गिळत गिळत मरतात. थोरवड्याच्या दोरांची कीर्ती होते आणि कासारखडीच्या पोरांना हगवण लागते.

मी अर्ज घेऊन साताऱ्याला गेले. साहेबांनी विचारलं, "पाणी काळं कुठं दिसतं?"

"कासारखडीला."

"म्हणजे सांगली जिल्हा. तिकडं जा."

सांगलीला गेले. "अंबाडी कुठं टाकतात?"

"थोरवड्याला."

"म्हणजे सातारा जिल्हा. तिकडं जा."

दोघंही सभ्यपणे बोलले, दोघांनीही चहा विचारला. कायद्याचं पुस्तकही दाखवलं. कायदा होता, पण कारखान्यांच्या सांडपाण्याचा. अंबाडीचं नाव त्यात नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या गावाच्या मधे जिल्ह्याच्या हद्दीचा एक दगड आहे. त्या दगडापाशी सरकार थांबतं. नदी थांबत नाही.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रात वाचलं, की युरोपातल्या ज्या नऊ देशांनी बाजार एक केलाय, ते आता हवा-पाण्याचे नियमही मिळून करणार आहेत. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: "नऊ देशांना जमतं, सात गावांना का नाही!" बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. हंडाभर पाण्यासाठी किती चालावं लागतं ते सगळ्यांच्या पायांना आठवत होतं. त्यामुळे माझं पत्रक पहिल्यांदाच कोणीतरी वाचलं. सात गावांचे लोक एका आमराईत जमले आणि तीन नियम ठरले. अंबाडी नदीत नको, शेतात खड्डा काढून त्यात कुजवायची. औषध फवारायचे पंप नदीत धुवायचे नाहीत. मेलेलं जनावर नदीत टाकायचं नाही. सह्या झाल्या, अंगठे उठले, मला चिटणीस नेमलं. पगार ज्वारीत.

नियम करणं सोपं असतं. पाळले जातात की नाही हे बघायचं कोणी? मी म्हटलं, खालच्या गावानं वरच्या गावाची तपासणी करावी. ज्याला वास येतो तो बरोबर नाक लावील. सर्वात वरच्या गावानं शेवटच्या गावाला जावं, म्हणजे साखळी पुरी. स्वतःवर मी फार खूश होते.

सभेत दस्तगीरभाई उठले. हे मधल्या पिंपरण गावचे कल्हईवाले. भाता आणि नवसागर घेऊन सातही गावं फिरतात, घराघरातली भांडी ओळखतात. त्यांनी विचारलं, "बाई, त्या नऊ देशांत तपासनीस गेला की त्येला चहा देत्यात का?"

सगळे हसले. मीही हसले. तो प्रश्न थट्टेचा नव्हता, हे कळायला मला एक वर्ष लागलं.

कारण गावांनी तपासणीला माणसं कशी निवडली? ओळखीची. दुसऱ्या गावानं थोरवड्याला कोणाला पाठवलं, तर ज्याची लेक थोरवड्यात दिली आहे त्याला. जाणारा माणूस ओळखीचा असावा, म्हणजे वादावादी होत नाही, हा त्यांचा विचार. वादावादी झालीच नाही. विहीणबाईंनी कोंबडं कापलं. लेकीच्या सासरी जेवून उठलेला बाप नदीला वास येतो असं कसं लिहील? सातही अहवाल माझ्याकडे आले, सातांवरही "ठीक आहे." एकानं मोकळ्या जागेत प्रामाणिकपणे भर घातली होती: "अंबाडी दिसली नाही. रस्सा झणझणीत होता."

त्या मार्गशीर्षात कासारखडीला मेलेल्या माशांचा थर आला.

हौसामावशीला मी तेव्हा पहिल्यांदा भेटले. नवरा वारलेला, दोन कर्ते मुलगे, आणि अकरा घरांत शब्द तिचाच चालायचा. ती काठावर बसून जाळं विणत नव्हती, उसवत होती.

"दोन वर्सं झाली, जाळ्यात मासं घावंनात, पोरी," ती म्हणाली. "म्होरल्या दिवाळीला अंबाडी आली की आमी चाललो कोयनेला. अकराबी घरं. धरणात मासं हाईत म्हंत्यात."

"मावशी, तिकडं भूकंप होतात."

"भूकंप रोज येत न्हाई. भूक येती."

मला इतका संताप आला की मी सरळ थोरवड्याला गेले, तपासणी करायला, एकटी. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली.

थोरवड्याचे सरपंच म्हणजे सुभेदार आबा. पलटणीतून निवृत्त, मिशा पांढऱ्या, पाठ अजून परेडची. त्यांच्या घरी गेले, त्यांच्या पत्नी जिजींनी रीतीप्रमाणे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मी म्हटलं, "तपासणी होईपर्यंत या गावचं पाणीसुद्धा मी घेणार नाही."

मला वाटलं, बाणेदार बोलले. जिजींनी तांब्या उचलला आणि आत गेल्या. सुभेदार एवढंच म्हणाले, "दुश्मनबी पानी मागतो, बाई. तुमी त्याच्याबी पुढं गेला."

तरी मी थांबले नाही. सांगलीला परतून पत्रक छापलं: "थोरवडे, सात गावांचं गटार!" उद्गारचिन्हासकट. आठवड्याच्या आत थोरवड्याचा ठराव आला: या गावाचा कराराशी संबंध राहिला नाही. दुसरं गाव म्हणालं, वरचंच सुटलं तर आम्ही कशाला खड्डे काढू? तिसरंही डळमळलं. मी नदी वाचवायला निघाले होते आणि एका तांब्यापायी नि एका मथळ्यापायी सगळं मोडायला आणलं होतं. लिहिताना अजूनही कान गरम होतात.

दहाएक महिने गावं माझ्याशी धड बोलत नव्हती. दिवाळी जवळ आली तेव्हा दस्तगीरभाईंनी मला पिंपरणला बोलावलं. भट्टी पेटलेली, हातात पितळी पातेलं फिरत होतं.

"माफी मागायला जावा," ते म्हणाले.

"चूक त्यांची आहे, भाई!"

"अंबाडीची त्यांची. पान्याची तुमची. तुमची तुमी निस्तरा, मग त्यांची त्यांना निस्तरू द्या. आन त्या कासारखडीच्या म्हातारीला संगं न्या. सुभेदारानं तुमाला बघितलंय, तिला न्हाई."

दिवाळी झाली. भाऊबीज आटोपली आणि तिसऱ्या दिवशी मी आणि हौसामावशी थोरवड्याला उतरलो. तिच्या घरी बोचकी बांधून झाली होती. "चल, माझं मासं मारणाऱ्याचं त्वांड तरी बघून घेते," म्हणून ती आली. गावात शिरलो तोच वास आला. अंबाडी पाण्यात पडून चारपाच दिवस झाले असावेत.

सुभेदार ओसरीवर होते. आजूबाजूला पाचसहा माणसं. मी माफी मागितली. पाठ करून गेले होते, तरी निम्मं विसरले. "पाणी नाकारलं ते चुकलं," एवढं जमलं. सुभेदारांनी मान हलवली, बसा म्हणाले, आणि हाक मारली. जिजी पुन्हा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी हात पुढे केला.

हौसामावशीनं माझा हात खाली दाबला. मला वाटलं, संपलं सगळं.

"वैनी," ती म्हणाली, "पानी घीन मी. लांबनं आल्ये, तहान लय लागलीया. पर ह्ये कुठलं?"

"वरच्या झऱ्याचं हाय. ग्वाड हाय," जिजी म्हणाल्या.

"तेच म्हनले, एवढं नितळ कसं. न्हाई, आमाला सवय न्हाई ह्येची. आमच्याकडं ज्ये येतं तेच द्या की. तुमच्या शिवंच्या खालचं. पावलाव तर हाय."

ओसरीवर कोणीतरी खाकरलं.

"आन आबा," ती सुभेदारांकडे वळली, "तुमीबी घ्या माझ्यासंगं. पाव्हण्याला एकटं पिऊ देत्यात व्हय थोरवड्यात?"

रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पाहुणी पाणी मागत होती. नाकारणार कसं? मी पाणी नाकारून जे बिघडवलं, ते सावरायचं हिनं पाणी मागून त्यांच्याच हातात ठेवलं. माझ्या कुठल्याही पत्रकात एवढं बळ नव्हतं.

सुभेदार उठले. पायात वहाणा घातल्या, जिजींच्या हातातला तांब्या स्वतः घेतला आणि चालू लागले. मागं आम्ही, आमच्या मागं हळूहळू अर्धं गाव. शिवेखाली डोह आहे. पाणी चहाच्या गाळासारखं, वर फेस, आणि पाण्यात पेंढ्याच पेंढ्या. आपली पेंढी ओळखू यावी म्हणून प्रत्येक घर तिला आपली चिंधी बांधतं. लाल, हिरव्या, लुगड्याच्या काठाच्या चिंध्या पाण्यावर हलत होत्या.

सुभेदारांनी वाकून तांब्या भरला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तोच हौसामावशीनं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी तांब्या तोंडाजवळ नेला. नेला आणि थांबले. मिशांजवळ तांब्या, डोळे पाण्याकडे. मागून कोणी म्हातारा म्हणाला, "आबा, र्‍हाऊ द्या."

त्यांनी तांब्या खाली घेतला. "पिववत न्हाई," ते म्हणाले. मग हौसामावशीकडे बघून हळू विचारलं, "ह्ये पीता तुमी?"

"दुसरं कुठनं आनू?"

त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला आणि डोहात उतरले. मांडीएवढ्या त्या घाणीत उभं राहून त्यांनी पहिली पेंढी ओढली. लाल चिंधीची. गाव ओळखत होतं ती चिंधी कोणाची ते. त्यांचीच होती. दुसरीही त्यांचीच. तिसरी ओढताना त्यांनी काठाकडे न बघता आवाज दिला, परेडवर द्यावा तसा:

"बघताय काय? आपापली चिंधी वळका आन काढा!"

पोरं उतरली, मग बाप्ये उतरले. एकानं कुरकुर केली, "आबा, खड्ड्यातला वाख काळा येतो. गिऱ्हाईक न्हाई घेनार."

"मग मला बांधा त्येनं, बघू तुटतोय का," सुभेदार ओरडले. डोहात हशा पिकला. दिवस मावळायच्या आत सगळी अंबाडी काठावर होती. दुसऱ्या दिवशी शेतांत खड्डे पडले. वाख खरंच मळकट येतो, हे खोटं सांगत नाही. दोर मात्र तितकाच पक्का होतो.

जाताना जिजींनी झऱ्याच्या पाण्याचा तांब्या मला दिला. मी सगळा प्याले. त्या म्हणाल्या, "आता नाव ठिवू नगा आमच्या गावाला." मी म्हटलं, "नाही." आणि त्या गावाबद्दल उद्गारचिन्ह पुन्हा कधी छापलं नाही.

अहवालांचे छापील कागद मी चुलीत घातले. नवा नियम एका ओळीचा: तपासनिसाला यजमानानं आपल्या शिवेखालचं पाणी द्यायचं आणि स्वतः त्याच्याबरोबर प्यायचं. सोयरा असला तर उत्तमच. कोंबडं खुशाल कापा, पण आधी तांब्या. थोरवडे करारात परत आलं, आणि हा नियम पुढच्या तीन आठवड्यांत नदीबरोबर खाली गेला. नऊ देशांनी आपली तपासणी कशी बसवली ते मला माहीत नाही. त्यांना हवं असेल तर आमचं उसनं घ्यावं.

लबाडी झालीच. तिसऱ्या गावच्या सरपंचांनी आधीच तांब्या भरून ठेवला होता, वर तुळशीचं पान. दस्तगीरभाई तपासनीस. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि तांब्या खाली ठेवला.

"सरपंच, ह्ये नदीचं न्हाई. तुमच्या मळ्यातल्या विहिरीचं."

"काय म्हंता भाई! पान्यावर काय नाव लिवलंय व्हय?"

"लिवलंय की. मचूळ लागतंय. ह्या पान्यानं तुमच्या घरची कल्हई दोन म्हयन्यात जाती. वीस वर्सं मीच लावतोय ती."

सरपंचांच्या बायकोनं आतूनच सांगितलं, "खरं हाय त्यांचं!" मग काय, निघाले सरपंच तांब्या घेऊन नदीला.

पाचव्या गावी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिथले पाटील तांब्या हातात घेऊन बसूनच राहिले. तपासनिसाला आणि मला ओतून दिलं, स्वतः पीत मात्र नव्हते. शेवटी म्हणाले, "आज नगा पिऊ. कुनीच पिऊ नगा. सकाळी थोरल्यानं एंड्रीन फवारल्याला पंप नदीत धुतलाय वर." मी तेव्हा भरलेलं फुलपात्र हातात धरूनच बसले होते. ते खाली ठेवलं. त्यांनी लाजून गप्प बसायचं ठरवलं असतं तर? पत्रकात असलं काही सुचत नाही. त्या दिवसापासून नियमाला मी शेपूट जोडलं: आधी विचारायचं, "पिणार का?" यजमान नको म्हणाला की तोच अहवाल, तांब्याला हात लावायचा नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. पाटलांनी थोरल्या लेकाला पंपासकट सात गावांच्या सभेपुढे उभं केलं आणि त्या गावात पंप धुवायला शेतातच टाकी बांधली गेली.

साताऱ्याच्या साहेबांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी विचारलं, हे कोणत्या कलमाखाली? मी म्हटलं, पाहुणचाराच्या. पुढे असा काळ आला की माझं पत्रक छापायला छापखानेवाले घाबरत. तांब्याला परवानगी लागत नव्हती. त्या दिवसांतही एकही तपासणी चुकली नाही.

पण हे नंतरचं. त्या वर्षीचं सांगायचं तर मला धीर धरवत नव्हता. अंबाडी निघाली, पंप थांबला, पण डोहांतली घाण वाहून जायला वेळ लागतो, आणि मधे मेले असतील तेवढे मासे मेलेच. कासारखडीहून काहीच निरोप नव्हता. बोचकी बांधलेली मी डोळ्यांनी बघितली होती. मार्गशीर्षाच्या मध्याला, शाळा भरायच्या वेळेला, मी एस.टी.तून उतरून भोयांच्या आळीत गेले.

अकराही घरांना कड्या. एका दारात कोंबडी, बाकी सामसूम. चूल बघितली, राख गार. गेले. आठ दिवस आधी यायला हवं होतं, काहीतरी सांगायला हवं होतं, थांबवायला हवं होतं. मी तशीच पळत काठाकडे गेले. जोंधळ्याच्या रानातून वाट आहे, धापा टाकत, एक चप्पल तुटलेली, आणि काठाच्या उंचवट्यावर पोचल्याबरोबर जीव खाऊन हाक मारली, "मावशीऽऽ!"

खाली नदी होती. बुडाचे गोटे दिसत होते. आणि पात्रात, या काठापासून त्या काठापर्यंत, अकरा घरांची माणसं कंबरभर पाण्यात एका रांगेत उभी होती, पोराबाळांसकट, जाळं ताणून, श्वास धरून. माझ्या हाकेसरशी सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मधोमध हौसामावशी. तिनं एक हात जाळ्यावरून सोडला आणि माझ्यावर उगारला.

"आगं बोंबलू नगंस भवाने! मासं पळत्यात!"